गाणं विटेस्तोवर

लहानूजी गेल्याची बातमी मला पार्सल ऑफिसात कळली. दुपारची गाडी लागली होती, फलाटावर संत्र्यांच्या पेट्यांचा ढीग, हमालांची ओरड, आणि मी एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालत उभा. तेवढ्यात त्यांच्या शेजारचा विणकर, पांडुरंग, सक्करदऱ्याहून सायकल हाणत आला. घामाने निथळत होता. म्हणाला, "दौलतभाऊ, लहानूजी गेले ना... मागावर बसल्या बसल्याच." मी म्हणालो, "बरं." आणि खुशाल व्यापाऱ्याकडे वळून उरलेलं भांडण पुरं केलं. पावती फाडता फाडता हात थांबला तेव्हा कुठे ते आत गेलं. सांगायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की चला, आता त्यांना सांगायची वेळ येणार नाही. असलं काही मनात यावं असा मी वाईट माणूस आहे की काय, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. दीड महिना झाला, अन्न गोड लागत नाही, म्हणून हा कागद पुढे ओढला.

लहानूजी म्हणजे माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, मथुराताईचे यजमान. आम्ही कोष्टी. घरोघरी माग, आणि मागाच्या खटखटीशिवाय आम्हाला झोपही येत नाही नि जागही येत नाही. मी चार बुकं शिकलो, रेल्वेत चिकटलो आणि मागावरचा धोटा सोडला. भाऊजींनी सोडला नाही. उंच, हाडकुळा माणूस. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की कमरेपासून वर तेवढे दिसायचे. बोलणं मोजकं, पण जे बोलतील ते तिरपं. मी घरात पाऊल टाकलं की आतल्या अंगाला हाक जायची, "रेल्वेचे साहेब आले वं, खुर्ची टाका!" घरात खुर्ची कधीच नव्हती. मग ताई हसत गोणपाट टाकायची, आणि मी साहेबी थाटात त्यावर मांडी घालायचो. आमच्या घरातला हा रोजचा विनोद, आणि त्याला आम्ही तिघेही दर वेळी हसत असू. तेव्हा कंटाळा हा शब्द आमच्या घरी फारसा यायचा नाही.

ताईचा गळा चांगला होता, पण चांगला म्हणजे गल्लीपुरता. भुलाबाईच्या दिवसांत तिच्याभोवती बायका जमायच्या, ती गाणं उचलायची, बाकीच्या धरायच्या. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी नागपूरला आली. धरमपेठेत एका बंगल्याची खोली घेऊन त्यांनी भिंतींना गाद्या लावल्या आणि इथल्या एका गाणारणीची गाणी भरायला घेतली. तिच्या मागे धरायला त्यांना पाच बायका हव्या होत्या, गावठी गळ्याच्या. कुणीतरी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. झालं, पाचजणी नवी लुगडी नेसून टांग्यात बसल्या, त्यांत ताई. भाऊजी टांग्याच्या मागे पायी गेले, कारण आत जागा नव्हती. गाणं सासरी निघालेल्या पोरीचं. ती वाटेतल्या एकेका झाडाला निरोप सांगते, आणि पाचजणी मागून 'सांगजो रे, सांगजो' म्हणतात. असं चार वेळा. तिसऱ्या वेळी काय झालं देव जाणे, कंपनीच्या माणसाने हात खाली केला, चौघी थांबल्या आणि आमची ताई थांबली नाही. एका श्वासाइतकी एकटीच पुढे गेली, आणि मग दचकून गप्प झाली. कंपनीच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी चालवून घेतलं, कोण जाणे. रेकॉर्ड तशीच निघाली.

सीताबर्डीवरच्या दुकानात ती वाजली तेव्हा आम्ही तिघे फुटपाथवर उभे राहून ऐकली. ती जागा आली आणि ताईने पदर तोंडावर घेतला. "अगं माय! सगळ्या थांबल्या न मी एकटीच बोंबलून राहिली!" दुकानदार हसला, मीही हसलो. भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, "बाकीच्या चौघींचं काय करू मी? मले तेवढंच पाहिजे." त्यांनी रेकॉर्ड विकत घेतली. घरी वाजवायला ग्रामोफोन नव्हता, तरी घेतली, आणि कपड्यात गुंडाळून भिंतीवरच्या फळीवर ठेवली.

पुढल्या वर्षी ताई बाळंतपणात गेली. पोरही गेलं. यापुढे त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही...

ग्रामोफोन मीच आणून दिला. विलायतेला परत चाललेला एक गोरा गार्ड आपलं सामान काढत होता, त्यात ती पेटी होती, चावीची. मला वाटलं, विरंगुळा होईल. अहो कसला विरंगुळा! सकाळी मागावर बसण्याआधी एकदा, न्याहारीनंतर एकदा, जेवणानंतर दोनदा, आणि रविवारी मी गेलो की माझ्यासमोर मोजदाद नाही. एकच रेकॉर्ड, एकच बाजू. दुसऱ्या बाजूला त्याच गाणारणीचं एक देवाचं गाणं होतं, ते त्यांनी मला वाटतं दोनदाही लावलं नसेल. चावी द्यायची, पिन टेकवायची आणि डोळे मिटून बसायचं. पहिली दोन कडवी ते नुसती सहन करायचे. तिसऱ्याला मान किंचित पुढे यायची. तो श्वास येऊन गेला की पिन उचलायचे, पुन्हा सुरुवातीला. बिचाऱ्या गाणारणीला त्या घरात आपलं चौथं कडवं कधी पुरं करता आलं नाही.

पहिले काही महिने मीही रडलो. मग सवय झाली. मग, खरं सांगतो, मला वीट आला. माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज, आणि मला वीट आला! रविवारी सक्करदऱ्याच्या वळणावर आलो की पावलं मुद्दाम हळू टाकायचो, की आता ते सुरू होणार. एकदा मी चिडून म्हणालो, "भाऊजी, बस्स करा ना आता! कान किटले." ते शांतपणे म्हणाले, "माझे नाही किटले अजून. वाटच पाहून राहिलो."

"कशाची वाट?"

"किटायची गा. पाह्य, माणूस भूक असेस्तोवर खाते. पोट भरलं की आपोआप उठते, त्याले उठ म्हणा लागत नाही. माझं भरू दे, मी उठतो."

मी त्या बोलण्यावर पुढे पुष्कळ विचार केला. आपण आवडतं गाणं पुन्हा पुन्हा का लावतो? माझ्या बायकोला रेडिओवरचं एखादं गाणं आवडलं की ती पोळ्या लाटता लाटता महिनाभर तेच गुणगुणते, आणि एके दिवशी सोडते ते कायमचं. ऑफिसातल्या पोरांचं तेच, सिनेमातलं गाणं चघळून चघळून त्याच्या उसासारख्या चोयट्या करतात आणि थुंकतात. मला वाटतं, प्रत्येक गाण्यात आपली अशी एक जागा असते. पहिल्या वेळी तिथे काहीतरी होतं, आणि तेच पुन्हा व्हावं म्हणून आपण परत परत तिथे जातो. दर वेळी ते थोडं कमी होतं. शेवटी काहीच होत नाही, तेव्हा आपण म्हणतो कंटाळा आला. बाकी माणसं गाण्याला कंटाळतात आणि पुढच्या गाण्याकडे जातात, म्हणून तर जगतात. भाऊजींना हे कळलेलं होतं. ते हौसेने ऐकत नव्हतेच, ते ती जागा संपवायला बसले होते. पण ती संपत नव्हती. मला हे तेव्हा कळायला हवं होतं, मी शिकलेला ना! पण मला वाटायचं, हा हट्ट आहे.

त्यांच्या आईने दुसऱ्या लग्नाचा घोशा लावला होता. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि चुलीशी ती चाचपडत स्वयंपाक करायची. उमरेडला एक मुलगी होती, आपल्यातलीच, नवरा गेलेली, कामाला वाघीण. मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो. तिच्या बापाची तयारी, मुलीची तयारी, आणि आमच्याकडे हे भोळे सांब! म्हातारी माझ्यापुढे पदर पसरायची, "दौलत, तुह्यं ऐकते तो. तुह्या बहिणीचा नवरा हाय, तूच सांग त्याले. तू म्हटलं तर त्याले पाप नाही वाटणार." मी सांगितलं. एकदा नाही, दहादा. शेवटी भाऊजींनी मला शब्द दिला. ग्रामोफोनवर हात ठेवून म्हणाले, "ज्या दिवशी याचा कंटाळा येईन, त्या दिवशी उमरेडले जाऊ. तूच चल संगं. लबाडी नाही करणार मी." मी तो निरोप उमरेडला पोचवला. कसा पोचवला विचारू नका. गाण्याचा कंटाळा यायचाय, असं कुणाला सांगता येतं काय? म्हणालो, जरा मन स्थिर होऊ द्या. ती मंडळी दोन वर्षं थांबली.

रेकॉर्ड मात्र थांबली नाही. पिन दर वेळी बदलावी लागते, पण भाऊजी कोष्ट्याच्या काटकसरीने बोथट पिना सहाणेवर घासून पुन्हा लावायचे. रेकॉर्ड खरखरू लागली. आधी गाणारण घोगरी झाली, मग पाचजणींचे पाच आवाज नाहीसे होऊन एकच कालवा उरला. तिसऱ्या वेळचा तो श्वास अजून होता, पण खरखरीच्या मागे, पावसात पलीकडून कुणी हाक मारावी तसा. भाऊजी आता कान पेटीला लावून बसू लागले. मला म्हणाले, "झिजून राहिली गा. माझं पोट भराच्या आधी संपते की काय?" त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त कोष्टीच करू जाणे. आम्ही मागावर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या धाग्यांना पाजणी करतो, म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवून, कुंचल्याने धाग्यांवर चढवून वाळवतो. नुसता धागा फणीत घासून तुटतो, पाजलेला तुटत नाही. झिजणाऱ्या वस्तूला पाजणी, हे आमच्या हाडात आहे. भाऊजींनी विचार केला, याच्याही रेघा धाग्यासारख्याच बारीक, घासूनच झिजतात, तर याला पाजणी का नको? आणि एका रविवारी सकाळी, अंगणात ताणा पाजून झाल्यावर, उरलेली खळ वस्त्रगाळ करून त्यांनी रेकॉर्डवर चढवली. हलक्या हाताने, गोल गोल, सावलीत वाळवली. जन्मात इतकी सुबक पाजणी त्यांनी कुठल्या लुगड्याला केली नसेल.

मी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते, रेकॉर्ड मांडीवर. लावून पाहिली होती. पिन नुसती सरकत गेली, खळीने सगळ्या रेघा भरून गेल्या होत्या. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "दौलत, मी काय करून बसलो गा?" मग स्वतःच म्हणाले, कापडातली खळ गरम पाण्याने सुटते, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं की दोन मिनिटांत मोकळं होतं. चुलीवर पाणी ठेवलेलंच होतं. भांडं घेऊन आले, थांबले, आणि मला विचारलं. "तू शिकला सवरला हायेस. गरम पाणी चालते काय याले?"

मी पार्सल ऑफिसातला माणूस. मुंबईहून रेकॉर्डींच्या पेट्या महिन्यातून दोनदा माझ्या हातून जायच्या. प्रत्येक पेटीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी असायची, उष्णतेपासून जपा. एकदा उन्हात राहिलेल्या पेटीतल्या रेकॉर्डी शिळ्या पापडासारख्या वाकलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यावरून साहेबांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

मी म्हणालो, "चालते."

मला माहीत नव्हतं, गडबडीत सुचलं नाही, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. खोटं आहे. मला चांगलं सुचलं होतं. आत म्हातारी चुलीशी चाचपडत होती, उमरेडची माणसं थांबून थांबून टेकीला आली होती, आणि मला वाटलं, एकदाचं संपू दे हे. गाणं संपलं की माणूस सुटेल. त्यांच्या भल्यासाठीच, असं वाटलं. आणि त्याच्या खाली, अगदी तळाला, माझा स्वतःचा वीट होता, तोही सांगून टाकतो. दर रविवारचं ते रडगाणं मला नको होतं.

त्यांनी पाणी ओतलं. खळ सुटली, आणि रेकॉर्डही त्यांच्या हातात मऊ झाली, कडा खाली झुकल्या. ती सरळ करायला त्यांनी दोन्ही पंज्यांनी दाबली, तर बोटं उमटली. हात भाजले होते, पण सोडेनात. मीच ओढून घेतली. नंतर एका ग्रामोफोनवाल्याने मला सांगितलं, थंड पाण्यात भिजत ठेवून मऊ बुरुशाने घासली असती तर बहुतेक वाचली असती. बहुतेक!

मी सीताबर्डी पालथी घातली, इतवारीतली जुनी दुकानं पाहिली, कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, हा माल खपला नाही, सबब साचा मोडीत काढला आहे. ते पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं. ऐकलं आणि म्हणाले, "जाऊ दे. तुले तरी कसं माहीत राहीन गा?" हे वाक्य त्यांनी टोमण्याने म्हटलं असतं तर मी पाय धरून सगळं ओकलो असतो. पण ते मनापासून म्हणाले, माझी समजूत काढायला! मी पत्राची घडी करून खिशात घातली. नागपूरची राजधानी गेली ते साल. सगळं शहर काही ना काही गेलं म्हणून हळहळत होतं, त्यात माझं खपून गेलं.

आणि माणूस सुटला का? कसला सुटतो! चार महिन्यांनी मी उमरेडचा विषय काढला तर म्हणाले, "तुले शब्द देल्ला होता, कंटाळा आला की जाऊ. आता कशाचा कंटाळा येईन? ताट तर उचलून नेलं." भांडले नाहीत, चिडले नाहीत. त्या मुलीचं दुसरीकडे जमलं. म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात गेली. भाऊजी एकटे राहिले, माग चालवत राहिले. ग्रामोफोनवर त्यांनी सुताच्या लडी रचल्या. मी रविवारचं जाणं हळूहळू महिन्यावर आणलं, मग सणावारी. खुर्ची टाका, असं आता कुणी म्हणत नव्हतं. कितीदा ठरवलं, आज सांगायचं. दर वेळी चहा पिऊन परत आलो. ते दाराशी येऊन म्हणायचे, "येत जा गा," आणि मी मान डोलवायचो.

तेरवी झाल्यावर त्यांचं घर आवरायला मी आणि पांडुरंग दोघेच होतो. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, ते कापून काढायला मी गुंडाळलेलं कापड उलगडू लागलो. पांडुरंग म्हणाला, "ते कोणी घेणार नाही दौलतभाऊ. तीन वर्सं झाले, त्याह्यच्या कापडात रेघा पडत. व्यापारी बोंबलत, पण त्याह्यनं काही आयकलं नाही. चांगलं विणता विणता मधीच थांबत. बिमार नाही, काही नाही, नुसते थांबत. मान पुढे करून. मंग पुन्हा सुरू."

कोष्ट्याला हे ठाऊक असतं. हात थांबला की पुढचा ठोका वेगळा बसतो आणि कापडात आडवी पातळ रेघ उमटते. मी कापड दाराच्या उजेडात धरलं. रेघा होत्या. कुठे दोन, कुठे पाच, अशा नव्हत्या. सगळ्या सारख्या अंतरावर, दर चार बोटांवर एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मान पुढे करून, हे मी पाहिलेलं होतं. मग मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. कित्येक वर्षांनी धोटा हातात घेतला, मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं आणि शेवटच्या रेघेपासून भाऊजींच्या हाताच्या लयीत विणायला लागलो, जमेल तसं. चार बोटं कापड भरलं तेव्हा अडीच मिनिटं होत आली होती. अडीच मिनिटं, म्हणजे सुरुवातीपासून ताईच्या त्या श्वासापर्यंत.

तीन वर्षं ते गाणं दिवसभर लावत होते. पिन नाही, चावी नाही, हातातल्या धोट्यावर. त्यांचं पोट भरलं नव्हतं.

ते अर्धं लुगडं मी घरी आणलं आहे. बायको म्हणते, उशीची खोळ तरी करू, नाहीतर कसर लागेल. मी करू देत नाही. अधूनमधून मांडीवर घेतो, रेघ सापडली की बोट ठेवतो आणि गाणं मनात म्हणून पाहतो. शब्द सगळे पाठ आहेत, झाडांची नावंसुद्धा. तिसऱ्या वेळचं 'सांगजो' येतं, चौघी थांबतात... आणि पुढे काही नाही. इथे ताई एकटी गायची, एवढं मला कळतं. तिचा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही. इतक्या वेळा ऐकलं, पण कधी संपतंय याची वाट पाहत ऐकलं. तो आवाज माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्यांच्याकडे जायचं मी टाळत राहिलो.